टाकीमागचं करवंद

घराभोवती करवंदीचं कुंपण लावायला टेलरमास्तर एका शब्दात तयार झाले, तेव्हाच मास्तरीणबाईंना संशय यायला हवा होता. जो माणूस उशीच्या नव्या अभ्र्यालाही आठवडाभर ‘बघू’ म्हणतो, तो सबंध कुंपणाला ‘हो’ म्हणतोय, म्हणजे त्यात त्याचं काहीतरी साधत असणार.

साधत होतंच. पहिला फायदा म्हणजे करवंदीला काटे असतात, तेव्हा फाटकाच्या बाजूने शिरून पायरीवर ताणून देणारी गल्लीतली कुत्री बंद. दुसरा फायदा म्हणजे रोपं बायकोच्या माहेरची. जगली तर आपली मेहनत, मेली तर त्यांचं बियाणं. तिसरा फायदा मास्तरांनी पोटातच ठेवला होता. करवंदी बारा महिने हिरवी असते, पानं गाळून कधी उघडी पडत नाही. म्हणजेच ती बारा महिने कापता येते. दुकान मुलाच्या हवाली केल्यापासून मास्तरांच्या उजव्या हाताला कापायला फारसं काही उरलं नव्हतं, आणि जन्मभर कापलेला हात असा रिकामा राहिला की घरातल्या पडद्यांकडे वळतो. दोन पडदे आखूड झालेही होते.

मास्तरीणबाईंचा हिशेब साधा होता. त्यांना करवंदं हवी होती.

माहेरच्या घरामागे करवंदीच्या जाळ्या होत्या. लहानपणी त्यांनी तिथे इतकी करवंदं खाल्ली होती, की बोटांना चिकटलेला चीक शाळा सुटेपर्यंत सुटायचा नाही. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी भावाकडून येताना त्यांनी पिकलेली करवंदं डबाभर आणली, खाऊन उरलेल्या बिया वाळू न देता त्याच दिवशी रंगाच्या रिकाम्या डब्यांत पेरल्या, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवून लेकरांसारखी रोपं वाढवली. ती कुंपणाच्या ओळीत लागली त्या दिवशी त्या म्हणाल्या, “तीन वर्षांत पाट्या भरून निघतील. माझ्या हातची आहेत.”

तीन वर्षं गेली. मग आणखी काही गेली. पाटी कोपऱ्यात पालथी पडली होती ती पडलेलीच.

कुंपण मात्र असं झालं की बघत राहावं! मास्तरांनी दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून दोरी ताणली होती. दर रविवारी सकाळी चहा झाला की ते मोठी कात्री घेऊन बाहेर पडत, आणि दोरीच्या वर डोकावलेलं प्रत्येक टोक उडवत. वरची बाजू इतकी सपाट, की तिच्यावर कपबशी ठेवली तर चहा हिंदकळणार नाही. कोपरे शर्टाच्या कॉलरसारखे टोकदार. समोरचा फोटोस्टुडिओवाला नवरा-नवरीला घेऊन यायचा आणि कुंपणासमोर उभं करायचा. “मास्तर, पडदा फाटतो, मळतो. तुमचं कुंपण नाही मळत,” असं तो म्हणाला, की मास्तर कात्री उगाचच दोनदा वाजवत.

वसाहतीच्या मंडळींनी बागांची पाहणी केली त्या वर्षी ‘उत्कृष्ट कुंपण’ अशी पितळी पाटी मास्तरांना मिळाली. ती दरवर्षी फिरायची, ज्याचं कुंपण सरस त्याच्या फाटकावर. मास्तरांच्या फाटकावर ती आली आणि तिथेच रुजली. रोज सकाळी पेपर घ्यायला गेले की मास्तर आधी पाटी पुसत आणि मग पेपर उचलत.

“पाटी आली, पण माझी पाटी रिकामीच,” मास्तरीणबाई म्हणत.

“तुझ्या माहेरचं झाड आहे. बोलणं फार, फळ शून्य.”

“अहो, जरा वाढू द्या त्यांना. आमच्याकडे कुणी कात्री लावत नव्हतं.”

“म्हणूनच तुमच्याकडे सगळं अघळपघळ. तुझ्या भावाचे शर्ट बघ.”

हे भांडण दोघांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की त्यातलं वाक्य एक जण विसरला तर दुसरा आठवण करून देई. त्यातून कुणाचं काही बिघडत नव्हतं. बिघडलं ते विहीणबाई आल्यावर.

विहीणबाई म्हणजे सुनेची आई. गच्चीत कुंड्या लावायच्या, आणि त्यांना जे येईल ते वाटीत घालून लोकांच्या घरी न्यायचं, हा त्यांचा छंद. वाटी फळांची असली तरी आत असायचा तोराच. त्या उन्हाळ्यात त्या तुती घेऊन आल्या, काळीभोर, प्रत्येकीचा देठ एका बाजूला वळवलेला. चहा घेता घेता त्यांनी खिडकीतून कुंपण न्याहाळलं.

“इस्त्री केल्यासारखं आहे हो अगदी! आणि फळ? की नुसतं शोभेचं?”

मास्तरीणबाईंच्या हातातला कप बशीवर जरा जोरात टेकला. “शोभेचं कशाला असेल? करवंदी आहे ती. माझ्या माहेरची.”

“तसं नव्हे हो. काही झाडांत नसतंच फळ. आता तुती बघा, एवढ्याशा कुंडीत...”

“पुढच्या उन्हाळ्यात या,” मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज असा, की सून स्वयंपाकघरातून दारात येऊन उभी राहिली. “येताना ही वाटी नका आणू, टोपली आणा. भरून नाही पाठवली, तर बागेतलं एक पान माझ्या हातचं आहे असं मी पुन्हा म्हणणार नाही.”

“आई...” सून म्हणाली. ही हाक दोघींपैकी कुणाला उद्देशून होती, हे कुणालाच कळलं नाही.

मास्तरांना बाहेर हसू आलं आणि आत कुठेतरी टोचलं. ही बाई शब्दाची पक्की आहे, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. एकदा ‘तुमच्या दुकानात पाऊल ठेवणार नाही’ म्हणाली होती, तर जेवणाचा डबा सहा महिने उंबऱ्यावर ठेवून जात होती. उद्या खरंच तिने बागेतून हात काढून घेतला, तर खिडकीत रोपं कुणाची, आणि रविवारी भांडायचं कुणाशी?

तरीही दोष त्यांच्या मते बियाण्याचाच होता. चार दिवसांनी मोजायची टेप वाऱ्याने उडून पाण्याच्या टाकीमागे पडली नसती, तर तो कायमचा बियाण्याचाच राहिला असता.

टाकी आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये एक बोळकांडी होती. माणूस अंग चोरून जेमतेम शिरेल एवढीच. ओळीतलं शेवटचं झुडूप तिथे दडलेलं होतं. कात्रीचे दोन दांडे तिथे उघडतच नसत, म्हणून मास्तरांनी ते सोडून दिलं होतं. रस्त्यावरून दिसत नव्हतं, त्यामुळे अब्रूचाही प्रश्न नव्हता. पोट आत घेऊन ते शिरले, टेप उचलायला वाकले, आणि तसेच वाकलेले राहिले.

झुडूप भिंतीच्या वर गेलं होतं. फांद्या झिंज्या सोडल्यासारख्या लोंबत होत्या, आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला करवंदांचे झुपके होते. काही हिरवी, काही लालसर, बरीचशी काळी, टपोरी.

मास्तरांनी एक तोंडात टाकलं. आधी आंबट, मग गोड, मग दाताखाली बी. दुसरं टाकलं. तिसऱ्याला त्यांना समजलं.

सगळी फळं टोकांना होती. फांदीच्या मध्यावर नाही, बुंध्याशी नाही. जे नवं टोक बाहेर सुटतं, त्यालाच फुलं येतात, त्यालाच फळ धरतं. आणि तीच टोकं ते दर रविवारी दोरी लावून उडवत आले होते. थंडी सरताना पांढरी फुलं डोकावायची, ती त्यांना उसवलेल्या दोऱ्यासारखी दिसायची, आणि उसवलेला दोरा दिसला की टेलरचा हात थांबत नाही. माहेरच्या झाडात काही खोट नव्हती. खोट होती ती हातभर लांब, दोन पात्यांची, आणि दर महिन्याला धार लावून घेतलेली.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? बायकोला हाक मारली असती. मास्तरांनी आधी इकडेतिकडे पाहिलं आणि पुरावा खाऊन टाकला. काळी होती तेवढी सगळी. बिया भिंतीपलीकडे थुंकल्या, निदान बऱ्याचशा. चीक मिशीला लागला, रस शर्टाच्या खिशावर सांडला. पांढरा शर्ट, स्वतः बेतलेला, स्वतः शिवलेला.

“हे काय लावून घेतलंत?” मास्तरीणबाईंनी विचारलं.

“शाई.”

“शाईचं पेन कुठेय आपल्याकडे?”

“म्हणूनच सांडली. सवय राहिली नाही.”

मास्तरीणबाईंनी शर्ट घेतला, खिसा उलटा करून झटकला, आणि काही न बोलता भिजत घातला. काही न बोलणं हा त्यांचा स्वभाव नव्हता. मास्तरांच्या ते तेव्हा लक्षात आलं नाही.

पुढच्या रविवारी चहा झाला, आणि मास्तर खुर्चीतच बसून राहिले.

“कात्री?” मास्तरीणबाई म्हणाल्या.

“खांदा,” मास्तर उजवा खांदा धरून म्हणाले. “आतून कळ येते. काही दिवस कापणं बंद.”

सात वर्षं झाडाला, बायकोला आणि तिच्या भावाच्या शर्टांना नावं ठेवल्यावर ‘माझं चुकलं’ म्हणायला जी जीभ लागते, ती मास्तरांकडे नव्हती. खांदा मात्र होता. त्यांना वाटलं, स्वस्तात सुटलो.

स्वस्तात कसलं! मास्तरीणबाईंनी दुपारीच औषधांच्या दुकानातून मलम आणलं. त्याचा वास फाटकापर्यंत जाई आणि जळजळ कानापर्यंत. रोज सकाळ-संध्याकाळ त्या स्वतः चोळत, भांडी घासतात त्याच ताकदीने. मग व्यायाम. हात वर, हात खाली, तोही अंगणात, “मोकळी हवा लागते.” रस्त्यावरून जाणारे विचारत, “मास्तर, कुणाला बोलावताय?” मग पथ्य. आंबट बंद, गार बंद, संध्याकाळचा दुसरा चहा बंद. मलमाचा आणि चहाचा संबंध काय, असं मास्तरांनी एकदा विचारून पाहिलं.

“शिरा सगळ्या एकच असतात,” मास्तरीणबाई म्हणाल्या.

सून चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तिची नजर तिच्या धंद्याला शोभेशी होती. एका संध्याकाळी ती म्हणाली, “बाबा, काल उजवा दुखत होता ना? आज आई डावा चोळतायत.”

“पसरलंय,” मास्तर घाईने म्हणाले.

“पसरणारच,” मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि आणखी बोटभर मलम घेतलं.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे मशीन. दुखऱ्या खांद्याचा माणूस मशीनवर कसा बसेल? घरच्या शिलाई मशीनवर चादर पडली. नातेवाइकांकडून येणारं हौसेचं कामही मुलाकडे गेलं, आणि मुलाने लावलेली बाही बघून मास्तरांना खांदा खरोखरच दुखायला लागेल असं वाटलं.

इकडे कुंपण सुटलं. दोरी आधी दिसेनाशी झाली, मग खुंट्या. कॉलरसारखे कोपरे गेले, फांद्या रस्त्यावर हात काढून लोकांना हटकू लागल्या. “मास्तर, कुंपणाची हजामत राहिली वाटतं,” पेपरवाला म्हणाला. फोटोस्टुडिओवाला एका नवरीला घेऊन आला, काट्यात तिच्या शालूचा जरीकाठ अडकला, तो सोडवण्यात ऊन उतरलं. त्यानंतर तो जोडप्यांना पुढच्या गल्लीतल्या पाण्याच्या टाकीसमोर नेऊ लागला. मास्तर पडद्याआडून बघत. टाकीसमोर उभं राहून कुणाचा संसार सुखाचा होतो, असं ते स्वतःशीच पुटपुटत.

थंडी सरत आली तशी बागांच्या पाहणीची चिठ्ठी आली.

पाहणीच्या दिवशी मास्तर नेहमीपेक्षा लवकर उठले. उजाडत होतं. त्यांनी पलंगाखालून कात्री काढली आणि हलक्या पावलांनी बाहेर आले. मनात सगळं बेतून झालं होतं. फक्त रस्त्याकडची बाजू कापायची, तीही वरवर. आतल्या बाजूला येतील ना करवंदं! टोपली भरली नाही तर निम्मी भरेल. पाटीही राहील, बायकोचा शब्दही अर्धा राहील.

त्यांनी कात्री उघडली आणि नेहमीच्या सवयीने डोळा बारीक करून ओळ धरली.

टोकाटोकाला कळ्या होत्या. बारीक, टोकदार, गुलाबी देठाच्या, गुच्छाने. काही रात्रीतून उमलल्या होत्या. हवेत जाईसारखा मंद वास होता. आत, बाहेर, वर, फाटकापाशी, सगळीकडे. एकही टोक रिकामं नव्हतं. मास्तरांनी आयुष्यात पुष्कळ कापड कापलं होतं, पण भरतकाम झालेल्या कापडाला कात्री लावायची वेळ आली की त्यांचा हात नेहमी थबकत असे. ते काम करणाऱ्या माणसाचे डोळे त्यांना आठवत. इथले डोळे तर स्वयंपाकघराच्या खिडकीत रोपं घेऊन बसलेले त्यांनी रोज पाहिले होते.

आणि अर्धा शब्द? अर्धी बाही शिवून त्यांनी कधी कुणाला शर्ट दिला नव्हता.

“खांदा बरा झाला का?” खिडकीतून आवाज आला.

मास्तर दचकले. “नाही गं. कात्रीला जरा हवा द्यायला आणली होती.”

“दिली का?”

“दिली.”

“मग आत या. मलम लावायची वेळ झाली.”

दहा वाजता मंडळी आली. त्यांच्यात एक नवे गृहस्थ होते, मास्तरांना न ओळखणारे. त्यांनी फाटकाबाहेर थांबून नाक मुरडलं. “अरे बापरे, हे रान कुणाचं?”

पाच-सहा ओळखीचे लोक खाली बघू लागले. मास्तर पायरीवरून उतरले, मलमाचा वास पसरवत, पाठ ताठ करून.

“माझं,” ते म्हणाले. “आणि रान नव्हे. करवंदी आहे. आमच्या हिने बियांपासून वाढवलेली आहे.”

मग त्यांनी स्वतः स्क्रूड्रायव्हर आणला, पितळी पाटी काढली, बाहीने एकदा पुसली आणि त्या गृहस्थांच्या हातात दिली. फाटकावर चार भोकं राहिली. खिडकीत मास्तरीणबाई उभ्या होत्या. त्या संध्याकाळी दुसरा चहा मिळाला.

उन्हाळा तापला तशी करवंदं हिरव्याची लाल झाली, लालची काळी. शाळेतून येणारी पोरं रस्त्याकडची बाजू वेचू लागली, तरी झाडाला कळेना कमी झालं ते. विहीणबाई ठरल्या दिवशी आल्या. हातात टोपली नव्हती, एक लहानसा डबा होता, झाकणाचा. भरवसाच नव्हता त्यांचा. फाटकाशी आल्या आणि डबा पाठीमागे धरून उभ्या राहिल्या.

“टोपली विसरलात वाटतं,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “काही हरकत नाही. आमच्याकडे बादली आहे.”

बादली भरली. मग कोपऱ्यात पालथी पडलेली पाटी सुलटी झाली, धुतली गेली, तीही भरली. विहीणबाई स्वतः वेचत होत्या. बाही वर करून, ‘आई गं’ म्हणत, कोपरापर्यंत ओरखडून घेत, आणि दर चार करवंदांनंतर एक तोंडात टाकत. अखेरीस त्यांनी कपाळ पुसलं. त्या बाईचं एक होतं, हरल्या की चांगल्या हरत.

“विहीणबाई, मानलं तुम्हाला. गुण आहे तुमच्या हाताला. आता खरं सांगा, खत काय घातलंत?”

“खत मी घातलं नेहमीचंच, कुजलेला पाला. पण यंदा आली ती ह्यांच्यामुळे.”

मास्तर बादलीतली करवंदं उगाचच चाळू लागले.

“ह्यांनी काय केलं?”

“काही म्हणजे काही केलं नाही,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “वर्षभर! आणि ह्यांच्यासारख्या माणसाला ते किती जड जातं, ते मला विचारा.”

सून फस्सकन हसली. विहीणबाईंना पुरतं कळलं नाही, पण त्याही हसल्या. मास्तर करवंदांकडे बघत राहिले. बायकोच्या आवाजात जे होतं, ते त्यांनी पितळी पाटीच्या वेळीही ऐकलं नव्हतं. तिला आपला अभिमान वाटत होता. चारचौघांत. आणि तोही न कापलेल्या कुंपणासाठी.

पाहुणे गेल्यावर मास्तरांनी धीर केला. “अगं, तो खांदा... म्हणजे खरं सांगायचं तर...”

“शाईला बिया नसतात,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “खिशात चार निघाल्या होत्या.”

“म्हणजे वर्षभर तुला...”

“हो.”

“आणि मलम?”

“मलम सात वर्षांच्या बोलण्यांचं होतं. एका वर्षात संपवलं, उपकार माना.” त्यांनी कपाटामागून कात्री काढली. नवी धार लागलेली होती. “शेवटची फळं उतरली की एकदा कापा, मनसोक्त. मग पुढची फळं उतरेपर्यंत हात लावायचा नाही. अधेमधे हात शिवशिवला, तर माझ्या भावाचे शर्ट मागवते.”

आता या करवंदांची किंमत कुणी काय भरली, ते पाहू. विहीणबाईंनी दोन हातांचे ओरखडे भरले आणि एक शब्द मागे घेतला. बदल्यात बादली नेली, ती अजून परत आलेली नाही. फोटोवाल्याने एक छान पडदा गमावला, पण हल्ली फळं लागली की तोच जोडप्यांना पुन्हा करवंदीपाशी आणतो. मास्तरीणबाईंनी सात वर्षांची बोलणी आधीच भरून ठेवली होती. त्यांना काही देणं उरलं नव्हतं. बाकी सगळं मास्तरांच्या अंगावर पडलं: पाटी, फाटकाची चार भोकं, मशीनवरची चादर, खांद्याची सोलून निघालेली कातडी, आणि तो पांढरा शर्ट. खिशावरचा जांभळा डाग कशानेच गेला नाही. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात डाग पडलेला कपडा अंगाला लावला नाही, तो दर रविवारी नेमका तोच शर्ट घालून फाटकात उभा राहतो, आणि कुणी विचारलं, की खिसा पुढे करून सांगतो, “करवंदाचा आहे. आमच्या घरच्या.”